वेगळं पातेलं

आमच्या घरात भाकरी उरायची. हे आज कुणाला सांगितलं तर त्याला वाटतं, घर खाऊनपिऊन सुखी असणार. तसं काही नव्हतं. आई गेल्यावर घरात दोनच माणसं राहिली होती, दादा आणि मी, आणि त्यातल्या एकाला भूक लागत नव्हती. वडलांना मी दादा म्हणायची. त्या दिवाळीत माझी आत्या सुट्टीभर आमच्याकडे राहिली, मला भाकरी थापायला शिकवली, पीठ किती मळायचं, पाणी कधी फिरवायचं, सगळं हाताला धरून दाखवलं आणि सोनईला आपल्या संसाराला निघून गेली. तिचं बरोबरच होतं. तिची तीन पोरं तिथं वाट बघत होती. मी सातवी-आठवीतली पोर. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, चूल पेटवायची आणि बाजरीच्या चार भाकरी थापायच्या. जोडीला मटकीची आमटी, कधी मेथी, कधी नुसती शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. पावसाळी हवा असली की हुलग्याचे शेंगोळे करायची. ते आईसारखे कधीच जमले नाहीत, पण वास तसाच यायचा, आणि त्या वासानंच माझं निम्मं जेवण व्हायचं.

श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आमची दोन खोल्यांची क्वार्टर होती. गळीत हंगाम सुरू झाला की मळीचा वास उशीत, केसात, पिठाच्या डब्यात सगळीकडे जाऊन बसायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काजळी पडायची. संध्याकाळचा भोंगा झाला की शेजारच्या क्वार्टरांमधून ताटं मांडल्याचे आवाज यायचे, कुणाच्या तरी आईचं खेकसणं यायचं, पोरांचं ताकावरून भांडण यायचं. मला त्या भांडणाचा हेवा वाटे. दादा त्याच सुमाराला लुना दारात लावून आत येत, हातपाय धूत आणि मी ताट वाढायला घेतलं की म्हणत, "माझं पोट भरलंय गं शोभे. तू घे जेवून." मग मी एकटी जेवायची. ते समोर बसायचे, पण माझ्याबरोबर घास घेणारं कुणी नसायचं. उरलेल्या भाकरी सकाळी मी कुस्करून दुधात खायची किंवा सरळ चहात बुडवायची. पुढे शाळेत चक्कर येऊन पडायला लागले, तेव्हा बाईंनी खालची पापणी ओढून पाहिली आणि "काय खातेस गं तू?" म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

दादांचं पोट भरायचं ते चहानं. ते कारखान्याचे चिटबॉय होते. कुणाचा ऊस तोडीला आला, कुणाच्या रानात तोडणी मजुरांची टोळी कधी पाठवायची, हे बघायचं आणि शेतकऱ्याला तोडीची चिठ्ठी द्यायची. काम छोटं, पण उभ्या उसाच्या मालकाला त्या दिवसांत कलेक्टरपेक्षा चिटबॉय मोठा. सकाळपासून या वस्तीवरून त्या वस्तीवर, आणि प्रत्येक वस्तीवर चहा. आमच्या भागात ओठाला ओठ चिकटल्याशिवाय त्याला चहा म्हणत नाहीत. साखर घरचीच असल्यासारखी. सभासदांना कारखान्याकडून सवलतीत मिळायची, त्यामुळे पाहुणा जेवढा मानाचा तेवढी मूठ मोठी. दादा मानाचे होते. दुपार होईपर्यंत त्यांच्या पोटात किती साखर गेलेली असायची, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. वर प्रत्येक रानात शिरलं की एक कांडं मोडायचं आणि दातानं सोलून चघळायचं. त्यांना ऊस पक्का झाला की नाही ते जिभेवरच कळायचं. कारखान्याच्या यंत्रानं नंतर तपासणी केली तरी आकडा दादा म्हणाले त्याच्या जवळपासच निघायचा, याचा त्यांना फार अभिमान होता.

मग दादांना तहान लागायला लागली. माठ संपायचा. अंगावरचा सदरा सैल झाला, पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवं भोक पाडलं. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि हसून म्हणाले, "साखर झालीय तुम्हाला. कारखान्यातली बाहेर काढायची सोडून रक्तात कशाला भरली?" गोळ्या दिल्या, साखर बंद केली, भाकरी-भाजी-डाळ वेळेवर खायला सांगितली. दादा हुकमाचे पक्के. त्याच आठवड्यात गुऱ्हाळावर जाऊन गुळाची अख्खी ढेप घेऊन आले. "साखर न्हाई खायाची म्हनला डाक्टर. गुळाचं नाव काडलं न्हाई त्यानं." सगळ्या कॉलनीनं माना डोलावल्या. साखरेत गंधक असतो, रसायनं असतात, गूळ कसा आपल्या डोळ्यांदेखत काहिलीत होतो, रक्त शुद्ध करतो. ज्या गावात दिवसरात्र साखर तयार होते, तिथं साखर म्हणजे पोत्यातून येते ती, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. गुळाला तिथं कुणी साखर म्हणत नाही, आणि रानात चघळलेलं कांडं तर खाण्यातही धरत नाही, ते काम असतं. मी रोज संध्याकाळी विळीवर गूळ चिरायची आणि दादांची तब्येत आता सुधारणार म्हणून खुशीत असायची.

हिवाळ्यात एक दिवस ते घरी आले आणि दारात चप्पल काढली, तर आतला तळ लाल झालेला. मी ओरडले, "दादा, पाय!" ते खाली बघत म्हणाले, "काय झालं?" तोडलेल्या उसाचा बुडखा चप्पल फोडून अंगठ्याजवळ आत घुसला होता. केव्हा घुसला त्यांना ठाऊक नव्हतं. दुखलंच नव्हतं. त्यांनी पाय उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो नीट बघितला. मला त्या वेळी जी भीती वाटली ती मी अजून विसरलेले नाही. या माणसाला काही झालं तर मी कुठं जाणार? आत्याकडे तिच्या तीन पोरांनाच जागा पुरत नव्हती. मला जगात दादांखेरीज कुणी नव्हतं, आणि त्यांना त्यांचा स्वतःचा पायही कळत नव्हता.

डॉक्टर या खेपेला हसले नाहीत. गूळ तेच, ऊस तेच, रस तेच, सगळं एकच आहे, असं त्यांनी एखाद्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "चहा फिका प्या, नाहीतर पिऊच नका. पाय जाईल." दादांनी मान हलवली. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. दादांची मान मला माहीत होती, म्हणून मी ठरवलं की आता यांच्याबरोबर आपणच फिरायचं.

रविवारी मी लुनावर मागे बसले. दादांना गंमत वाटली. वस्तीवर गेलं की ते "ही आमची शोभा" म्हणून ओळख करून देत, बाया माझ्या गालाला हात लावत, आईविना पोर म्हणून चुकचुकत आणि चहा आणत. मी लगेच म्हणायची, "दादांला चहा नको. त्यांला साखर झालीय." सगळे हसायचे. दादाही हसायचे. "पोर हाय," म्हणायचे आणि कप उचलायचे. पहिल्या दोन-तीन ठिकाणी असंच झालं आणि मी रडकुंडीला आले. माझं ऐकू तर येत होतं सगळ्यांना, पण त्यात घेण्यासारखं काही आहे असं एकालाही वाटत नव्हतं.

मग आम्ही राधाबाईंच्या वस्तीवर गेलो. पत्र्याचं लांबट घर, पुढं लिंबाची सावली, गोठ्यात दोन म्हशी आणि तिन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. राधाबाई म्हणजे त्या घराचा सगळा कारभार. मुलं कर्ती होती, सुना होत्या, पण पाणी कधी धरायचं ते म्हातारी सांगायची. दादा त्यांना मावशी म्हणत. घरातल्या सगळ्यांसाठी एकाच मोठ्या पातेल्यात चहा उकळला होता आणि निळ्या फुलांच्या कपबशा ताटात मांडून सून बाहेर घेऊन आली. दादांनी दोन्ही हात पुढे केले. मी म्हटलं, "दादांला साखर चालत न्हाई. डॉक्टर म्हनलेत पाय जाईल."

राधाबाई हसल्या नाहीत. त्या दिवसात माझं बोलणं खरं मानणारं ते पहिलं माणूस. "आगं बया, मग आदी न्हाई का सांगायाचं?" त्या म्हणाल्या आणि आत तोंड करून हाक मारली, "सूनबाई, चिटबॉयसायबाला येगळं पातेलं ठिव गं. बिनसाखरंचं."

दादांचा चेहरा पडला. मी त्यांना इतकं कसनुसं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. "नको मावशी," ते घाईनं म्हणाले, "येगळं नको. हाच घेतो मी." आणि त्यांनी तो कप उभ्या उभ्या संपवला. बशीत सांडलेलाही प्यायले. सूनबाई पातेलं हातात घेऊन दारात उभीच राहिली. तोडीचं बोलणं अर्धं सोडून आम्ही निघालो.

कॅनॉलच्या पुलाजवळ दादांनी लुना थांबवली. मला वाटलं, रागावणार. ते कठड्यावर बसले आणि पाण्याकडे बघत बोलायला लागले. "ह्याच वस्तीवर माझा बाप मजुरीला यायचा. मीबी यायचो त्याच्यासंगं, तुझ्याएवढा हुतो. चहा मिळायचा. पन आमचा कप येगळा. कान तुटलेला. बांधावरच्या काटेरी कुपाटीत खोचलेला आसायचा. आपन काडायचा, म्होरं धरायचा, आन् वरनं वतायचे. पिऊन झाला की आपनच इसळून पुना कुपाटीत खोचायचा. मावशी तवा नवी नवरी हुती. तीच वतायची."

त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं.

"आता त्याच घरात सगळ्यांच्या पातेल्यातला चहा मला येतो. सगळ्यांसारख्या कपात येतो. आन् तू म्हनतीस माजं पातेलं येगळं ठिवा."

"पन दादा, ते साखरंसाठी."

"कळतंय मला. डोक्याला कळतंय. हाताला कळत न्हाई."

माझा स्वभाव तेव्हाही तिखट होता. मी म्हटलं, "ते तोडीसाठी पाजतेत तुमाला. चिठ्ठी पायजे म्हणून."

दादांनी कठड्यावरचा एक खडा पाण्यात टाकला. मग म्हणाले, "व्हय. तोडीसाठी पाजत्यात. म्हाईत हाय मला. पन पाजत्यात ना?"

पुढे माझी सगळी नोकरी अंगणवाड्यांच्या खात्यात गेली. गावोगावी बाया गोळा करून मी त्यांना आहार शिकवला. पालेभाजीत लोह असतं, चहा जेवणाला लागून घेतला की ते अंगी लागत नाही, पोराला बिस्किटाऐवजी शेंगदाणे द्या, बाजरी सोडू नका, हे सगळं मी रंगीत तक्ते भिंतीला टांगून घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. ते सगळं खरं आहे आणि मी आजही तेच सांगेन. पण समोर एखादी बाई मुकाट मान हलवायला लागली की मला तो पूल आठवायचा. माणूस जे तोंडात घालतो ते भुकेपोटीच घालतो असं नाही, आणि त्याचं दुसरं कारण माझ्या तक्त्यात कुठं छापलेलं नव्हतं.

अंगठा काळा पडला. नगरच्या दवाखान्यात तो काढला, शेजारचं बोटही काढलं. आत्या येईपर्यंत मी एकटीच व्हरांड्यात डबा मांडीवर घेऊन बसले होते. ओळखीचे शेतकरी भेटायला येत होते, आणि येताना काय आणावं, तर थर्मास भरून चहा. त्या माणसांच्या मनात काही वाईट नव्हतं. आजाऱ्याला गोड द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दादा ग्लानीतही हात पुढे करत होते.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचा कायदा बदलला. दादांचा चहा वेगळा करायचा नाही, हे मला पटलं होतं. मग सगळ्यांचाच फिका करायचा. एकच पातेलं, त्यात साखर नाही, गूळ नाही. दादांना तोच, मला तोच, दारात येईल त्यालाही तोच. दादांना सांगितलं तेव्हा ते आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "म्हंजे येनाऱ्याला शिक्षा!"

वस्त्यांवर फिरणं आता जमणार नव्हतं. कारखान्यानं त्यांना आत टेबलावर बसवलं आणि चिठ्ठ्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं. दिवसभराचा चहा थांबला तसं दादांना भूक लागायला लागली. भोंगा झाला की ते घरात असत, पाट घेऊन बसत आणि दोन भाकरी खात. मी समोर बसून जेवायची. घरात आता काही उरत नव्हतं. मला वाटलं, जिंकले मी.

माणसं सुरुवातीला यायची. विचारपूस करायची. मी चहा द्यायची. पहिल्या घोटाला पाहुण्याचं तोंड वाकडं व्हायचं, तो इकडचं तिकडचं बोलायचा आणि कप खाली ठेवायचा. तो उचलायला गेले की अर्धा भरलेला असायचा. मग माणसं कमी झाली. ज्यांच्या चुलीवरचा चहा दादांनी इतकी वर्षं प्यायला ती माणसं बाजाराच्या दिवशी आमच्या दारावरून सरळ पुढे जायला लागली. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, पाहुण्यापुरती तरी घालत जा चमचाभर." घातली असती. पण मग दादांचं पातेलं वेगळं झालं असतं. मी नाही घातली.

दादा त्या अर्ध्या कपांकडे बघत बसायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "शोभे, फिका हाय म्हनूनच ठिवला आसंल ना त्यानं?" मी चटकन "हो" म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "का आता तोड माझ्या हातात न्हाई म्हनून?" मी कप उचलून मोरीत नेला. तिसरं कारण त्यांनी तोंडातून काढलं नाही, मीही काढलं नाही, पण ते आमच्या दोघांच्या मधे बसलेलं होतं. अर्धा राहिलेला कप बघून माणसाला कसं कळावं की यातला घोट कशापायी राहिला? साखर नव्हती म्हणून, गरज नव्हती म्हणून, की घर आमचं होतं म्हणून? संध्याकाळी ते दारात खुर्ची टाकून बसायला लागले. रस्त्यानं कुणी जाताना दिसलं की पाठ सरळ करायचे. पायाची जखम भरून आली होती, अंग धरलं होतं, आणि माणूस आतून वाळत चालला होता.

दादा पुढे पुष्कळ जगले. माझं लग्न पाहिलं, नातवंडं पाहिली. नजर शेवटी गेली, पण दोन बोटं गेलेला तो पाय शेवटपर्यंत राहिला. आज मी नगरला सावेडीत फ्लॅटमध्ये एकटी असते. मुलं पुण्याला. सकाळी एक कप पाणी, घोटभर दूध, चिमूटभर पत्ती, एवढं मोजून घेते. साखर नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणतात, तुमच्याकडे चहाला यायचं म्हणजे औषधाला यायचं. त्या येत नाहीत. त्यांचं चुकत नाही, पण सकाळी वाईट वाटतं ते वाटतंच.

दादांचा अंगठा काढला त्या वर्षी हंगाम संपून कारखाना बंद झाला, मळीचा वास ओसरला, त्यानंतर एके दिवशी राधाबाई आल्या. त्यांचा ऊस कधीच गेला होता, आणि जायचा असता तरी आता दादांच्या हातात काही नव्हतं. मुलाला मोटारसायकलवर रस्त्यालाच थांबवून त्या पदर सावरत आत आल्या. पिशवीतून शेरभर हुलगे काढून माझ्या हातात दिले आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मला त्यांच्याविषयी फार माया नव्हती. पुलावरचं बोलणं माझ्या डोक्यात होतं. मी चहा टाकला, तिघांना पुरेल एवढाच. एकाच पातेल्यातून तीन कप भरले आणि आणून ठेवले.

त्यांनी घोट घेतला. "आगं, साखर ऱ्हायली."

"ऱ्हायली न्हाई," मी म्हटलं. "आमच्यात घालतच न्हाईत. दादांला चालत न्हाई, म्हणून सगळ्यांना एकच."

त्यांनी दादांच्या कपाकडे बघितलं. माझ्या कपाकडे बघितलं. मग दादांकडे बघत राहिल्या. त्यांच्या वस्तीवर कप संपवून निघालेला माणूस त्यांना त्या क्षणी उमगला असावा, कारण खाली ठेवायला नेलेला कप त्यांनी पुन्हा जवळ घेतला. दादा खाली बघत होते. माझ्या मनात एकच होतं, आता ही किती ठेवते ते बघू. एका कपानं काही फिटत नसतं, हे मला त्या वयातही कळत होतं. पण दादांची मान खाली होती आणि डोळे त्या कपावर होते, त्यामुळे मलाही दुसरं काही दिसत नव्हतं.

राधाबाईंनी बशीत चहा ओतला. फुंकर घालून प्यायल्या. पुन्हा ओतला. प्रत्येक वेळी डोळे बारीक करत, नाक आवळत, औषध घ्यावं तशा प्यायल्या. कप तळापर्यंत रिकामा झाला. तो खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "आजून हाय का गं घोटभर?"

पातेल्यात पत्तीच उरली होती. मी नवा टाकायला उठले, तेवढ्यात राधाबाईंनी रिकामी बशी उचलली आणि दादांच्या पुढे धरली. त्यांच्या कपात निम्मा चहा होता. दादांनी वर पाहिलं.

"माजा उष्टा हाय, मावशी."

"वत," राधाबाई म्हणाल्या.

दादांनी ओतला. राधाबाईंनी तो सगळा पिऊन टाकला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "लई फिका हाय रं," आणि बशी पुन्हा पुढं केली.